पिछाडी

भोंगा वाजला तेव्हा चेस्टर वोझ्निक अंड्यावर मिरपूड टाकत होता. तीन लांब, दोन आखूड. नदीवरचा सलाम. हा असा भोंगा कुणी उगाच वाजवत नाही. कप्तान आपल्या घरासमोरून जाताना वाजवतो, नाहीतर एखाद्या जुन्या दोस्ताच्या घरासमोरून. कोण बुवा एवढा आनंदात आहे सकाळी सकाळी, असं त्याच्या मनात येतंय न येतंय तोच त्याची बायको लोरेटा खुर्ची ढकलून उठली. हातातला टोस्ट तिनं त्याच्याच बशीत टाकला. दारामागच्या खिळ्यावरचं लाल चौकड्यांचं जुनं टेबलक्लॉथ ओढलं आणि जाळीचं दार आपटून ती पडवीत गेलीसुद्धा. ते फडकं तिथं का टांगलंय, असा प्रश्न चेस्टरला कधी पडला नव्हता. तो मुळात या घरात एप्रिलमध्ये कधी नव्हताच. बर्फ फुटला की बोटीवर, ते नाताळाच्या तोंडावर घरी. यंदा डॉक्टरनं छातीला नळी लावून ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, हे इंजिन आता किनाऱ्यावरच चालवा. स्वतःच्याच विनोदावर हसला मेला. तर चेस्टर उठून खिडकीशी आला. बोट वर निघाली होती, रिकामी, पाण्याबाहेर उंच आलेली, गंजाच्या रंगाची. पुढची पांढरी केबिन, लांबलचक पाठ, मागं धुराडं, धुराड्यावर आपल्याच कंपनीचा पट्टा. प्रेंटिस! आपली ‘वॉल्टर प्रेंटिस’! त्या कंजूष म्हाताऱ्या कप्तानानं, जो भोंगा म्हणजे वाफ आणि वाफ म्हणजे कोळसा असा हिशोब करत जन्मभर गप्प राहिला, त्यानं आज चेस्टर घरी बसलाय म्हणून सलाम द्यावा! त्यानं शर्टाची कॉलर सारखी केली. तेवढ्यात बोट वाकणावरून पुढं सरकली आणि तिची पिछाडी दिसली. ती पाण्यात सरळ उतरलेली होती. म्हणजे प्रेंटिस नाही. ‘हायरम कोल्बी’. म्हणजे तिचा कप्तान, हालवर ऑस्टबी.

पडवीत लोरेटा दोन्ही हातांनी टेबलक्लॉथ हलवत होती, पायाच्या चवड्यांवर उभी राहून. तिच्या पोटऱ्या ताणलेल्या दिसत होत्या. इतक्या वर्षांच्या बाईनं असं चवड्यांवर उभं राहू नये, असं काहीतरी त्याला वाटलं आणि वाटल्याची लाजही वाटली. ती आत आली तेव्हा तिचे गाल वाऱ्यानं लाल झाले होते. “गेली,” ती म्हणाली. “कोण गेली?” “बोट रे. दुसरं काय जाणार इथून, हत्ती?” “कुठली बोट?” “मला काय कळतंय? सगळ्या सारख्याच त्या.” तिनं त्याच्या बशीतला टोस्ट उचलून खाल्ला. चेस्टरनं अंडं खाल्लं. मिरपूड फार झाली होती, पण ते त्याला अर्धं अंडं संपल्यावर समजलं.

सगळ्या सारख्याच! हे तिचं वाक्य लग्नाइतकंच जुनं होतं आणि चेस्टरला ते नेहमी आवडत आलं होतं. बायकोला बोटीतलं कळत नाही, याचं त्याला गोड वाटायचं. आणि खरं सांगायचं तर त्या होत्याही सारख्या. युद्धात सरकारला लोखंड कमी पडलं, लोखंडाची माती वाहायला बोटी कमी पडल्या, तेव्हा एकच नकाशा दोन यार्डांना देऊन टाकला आणि सांगितलं, बडवा. दोन्हीकडून एकामागून एक बोटी पाण्यात पडल्या. लांबी तीच, रुंदी तीच, मधली झाकणं तेवढीच, केबिनच्या खिडक्यासुद्धा तेवढ्याच. फक्त पिछाडीला दोन्ही यार्डांनी आपापलं डोकं चालवलं. प्रेंटिसवाल्यांनी ती जुन्या पद्धतीची केली, गोल, पाण्यावर बाहेर झुकलेली, गरोदर बाईच्या पोटासारखी. कोल्बीवाल्यांनी ती सरळ खाली उतरवली. आत इंजिनंही निराळी, पण ते कुणाला दिसणार? समोरून बघा, बाजूनं बघा, फरक कळायचा नाही. भरून खाली आली तर पिछाडीही पाण्यात बुडालेली असते, तेव्हा तर देवालाच विचारावं. नाव लिहिलेलं असतं नाकावर, पण लाल मातीनं ते माखलेलं, आणि इथं वाकणावर बोटींचा रस्ता पलीकडच्या, कॅनडाच्या अंगानं. दुर्बीण असेल तर वाचा. नाहीतर बोट समोरून निघून जाऊन तिची पाठ दिसेपर्यंत थांबा. तोवर ती गेलेलीच असते.

दुर्बीण! चेस्टर जेवणाच्या खोलीतल्या कपाटाशी गेला. तिसऱ्या खणात, सणासुदीच्या नॅपकिनांखाली, ती होती. एका नाताळाला त्यानंच डेट्रॉईटहून आणली होती, चांगली जर्मन, की बाईला आपली बोट ओळखता यावी. पेटीची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. लोरेटानं तेव्हा त्याच्या गालाचा मुका घेतला होता आणि ‘अगबाई, केवढी जड’ म्हणाली होती. त्या वेळी त्याला वाटलं, बायकांना यंत्रांचं वावडं असतं. आज खण उघडा ठेवून तो उभा राहिला तेव्हा दुसरंच वाटलं. ज्याला ओळखता येत नाही त्याला दुर्बीण लागते. जिला लागलीच नाही, तिला काय येत असेल? विचार असा एकदा आत शिरला की तो पाहुण्यासारखा बसत नाही, घरमालकासारखा बसतो. त्यानं खण लावला, पुन्हा उघडला, पेटी होती तशी नॅपकिनांखाली सरकवली.

हालवर ऑस्टबी. केस तेव्हा असे पिवळे होते की अंधाऱ्या हॉलमध्येही दिसायचे. युद्ध संपण्याआधीच्या शेवटच्या हिवाळ्यातली ती रात्र, पोलिश हॉल, अकॉर्डियनवाला दारू पिऊन एकच पोल्का पुन्हा पुन्हा वाजवतोय, आणि लोरेटा निळ्या झग्यात. ती हालवरबरोबर नाचली. मग चेस्टरबरोबर नाचली. मग पुन्हा हालवरबरोबर. तिसऱ्या वेळी हालवर थांबून चेस्टरला म्हणाला होता, “घे बाबा, तुझी पाळी, मला पाय दुखतात.” हेच ते! हेच इतकी वर्षं घशात अडकलं होतं. त्यानं दिली म्हणून मिळाली. लग्नात हालवरनं चांदीचा चमचा दिला आणि सगळ्यांत मोठ्यानं गायला. पुढं दोघांना एकाच कंपनीनं घेतलं, हालवर कोल्बीवर गेला, चेस्टर प्रेंटिसवर. हालवर पुढच्या टोकाला, सुकाणूशी, भोंग्याच्या दोरीजवळ, चेस्टर मागच्या. बोटीवर ही दोन गावं असतात. पुढचे डेकवाले, सुकाणूवाले, वारा खाणारे. मागचे इंजिनवाले, तेलकट, खालचे. पुढचा माणूस चढत चढत कप्तान होतो आणि काचेच्या केबिनमध्ये उभा राहून दोन्ही काठ बघत जातो. मागचा माणूस चढत चढत मुख्य इंजिनिअर होतो, आणि तरी खालीच असतो.

खाली काय दिसतं? दट्ट्ये दिसतात. तीन दट्ट्ये वरखाली, वरखाली, चेस्टरला झोपेतही त्यांचा ठेका मोजता यायचा. या वाकणाशी बोट आली की वरून घंटा यायची, वेग कमी. तेव्हा त्याला समजायचं, आता घर येतंय. तो वाफ कमीजास्त करायच्या हातचाकाला हात लावून उभा राहायचा. दोन पत्र्यांच्या आणि अर्ध्या नदीच्या पलीकडं लोरेटा असायची. नंतर जेवताना कुणीतरी डेकवाला म्हणायचा, “चीफ, तुझी बायको काय जोरात फडकं हलवत होती रे!” आणि चेस्टर म्हणायचा, “हं.” त्यांनी पाहिलं होतं. डेक धुणाऱ्या टिनपाट पोरांनी पाहिलं होतं, स्वयंपाक्यानं बटाट्याची सालं टाकताना पाहिलं होतं. चेस्टरनं नाही. हातचाक सोडून वर यायचं नाही, नदीत तर नाहीच. एकदाच, कधीतरी सप्टेंबरात, दुसऱ्याला उभं करून तो घाईघाईनं जिना चढून आला होता. तोवर घर मागं पडलेलं. झाडांवरून छप्पर तेवढं दिसलं. ते त्यानं लोरेटाला सांगितलं नाही. काय सांगायचं? हिवाळ्यात तो घरी आल्यावर तिनं विचारलं होतं, “ऑगस्टमध्ये तुमच्या कप्तानानं काय छान भोंगा दिला रे! माझ्यासाठी ना?” पहिल्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. चेस्टर तोंडात पिरोगी कोंबून म्हणाला होता, “हं.” त्याला वाटलं, कुणा दुसऱ्याचा भोंगा ऐकला असेल, बिचारी खूश आहे, राहू दे.

यंदाच्या त्या एप्रिलच्या सकाळपासून घरात भोंग्याची वाट बघणं सुरू झालं. तो पडवीत बसायचा आणि वर्तमानपत्र उलटं धरलंय की सुलटं याचंही भान नसायचं. शेजारचा डेल्बर्ट, न्हावी, दुकान पोराला देऊन मोकळा झालेला, कुंपणापाशी खुर्ची टाकून दुर्बीण गळ्यात अडकवूनच बसायचा. त्याला प्रत्येक बोटीची कुंडली पाठ. “आज नाही यायची कोल्बी,” तो न विचारता म्हणाला. “परवा सकाळी वर गेली ना, आता भरून यायला चार दिवस लागतील.” “मी कुठं विचारलं?” “विचारलं नाहीस, पण मान किती लांब करून बसलायस. बगळा झालास की काय?” चेस्टरनं वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. डेल्बर्टला गप्प माणूस दिसला की चेव यायचा. “हालवरची बोट म्हणजे घड्याळ रे. वाकणावर आली की तुझ्या दारात सलाम. वर जाताना, खाली येताना. पाऊस असो, धुकं असो. अख्खी बोट लोरेटाला टेबलक्लॉथवाली म्हणते, ठाऊक आहे ना? मागं त्यांचा एक पोरगा माझ्याकडं केस कापायला आला होता, तो सांगत होता.” “कधीपासून?” “काय कधीपासून?” “सलाम.” डेल्बर्टनं दुर्बीण खाली घेतली. आपण जास्त बोललो हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. “झाली असतील वर्षं. अरे, माझ्या बायकोला कुणी सायकलची घंटीसुद्धा वाजवत नाही. तू मिजास कर उलट.” चेस्टरनं मिजास केली नाही. तो वर्तमानपत्राची घडी घालून आत गेला.

आणि मग सगळ्या जुन्या गोष्टी उलट्या होऊन दिसायला लागल्या. लोरेटानं पडवी दर दोन वर्षांनी पांढरी रंगवायचा हट्ट का धरला? नदीतून दिसावी म्हणून. कुणाला? पाहुणचाराला एवढी कुरकुर करणारी बाई, हालवरची बायको वारली तेव्हा केक घेऊन सेंट क्लेअरपर्यंत गाडी चालवत कशी गेली? तेव्हा चेस्टरच म्हणाला होता, “जा गं, जाऊन ये.” मोठ्या मनाचा! तो रात्री तिच्या शेजारी पडून तिचा श्वास ऐकायचा. इंजिनचा बिघाड तो आवाजावरून सांगायचा, कुठलं बेअरिंग तापलंय ते हात लावायच्या आधी. बायकोच्या श्वासावरून काहीच सांगता येत नव्हतं. सरळ विचारावं, तर ती हसेल. हसली तर खोटं, न हसली तर खरं. दोन्ही नको होतं. कोल्बी खाली आली, भरलेली, पाण्यात बसलेली. तीन लांब, दोन आखूड. लोरेटा केसात रोलर अडकवलेले असतानाच बाहेर धावली. चेस्टर न्हाणीघरात अर्धी दाढी साबणात ठेवून उभा होता. आरशातलं तोंड त्याला कुणा परक्या म्हाताऱ्याचं वाटलं, ज्याला एका नाचावरून अजून राग येतो.

त्या आठवड्यात एक दिवस, दुपार कलल्यावर, लोरेटा सूपासाठी भाज्या चिरत होती. चेस्टर तिच्यासमोर बसला आणि त्यानं दोन गाजरं उचलली. “इकडं बघ. हे असं कापलं,” त्यानं सुरीनं एकाचं बूड तिरकं गोल केलं, “ही प्रेंटिस. पाण्यावर झुकलेली. आणि हे असं,” दुसऱ्याचं बूड सरळ उडवलं, “ही कोल्बी. आता ओळखता येईल?” “सूपात दोन्ही सारखीच लागतात,” लोरेटा म्हणाली. “थट्टा नको. ओळख. ही कुठली?” “गाजर.” “लोरेटा!” त्याचा आवाज इतका चढला की त्यालाच दचकायला झालं. “अरे, कांदा चीर, तेवढीच मदत होईल. उगाच माझी गाजरं का वाया घालवतोस?” “तुला हालवरची बोट बरोबर ओळखता येते.” झालं. बोलून गेला. इतके दिवस तोंडात धरलेलं, शेवटी गाजरांवरून बाहेर पडलं. “त्याच्यासाठी चवड्यांवर उभी राहतेस. रोलर लावून धावतेस. सगळ्या सारख्या म्हणे! जन्मभर मला मूर्ख समजलीस?”

लोरेटानं सुरी खाली ठेवली. ती हसली नाही. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात चेस्टरच्या तळपायाला तो ठेका लागला. आधी तळपायाला, मग कानाला. तीन दट्ट्यांचा. खिडकीतून नदीच्या खालच्या अंगाला बोटीचं नाक नुकतं दिसत होतं, पांढरी केबिन आणि खाली गंज. एवढ्यावरून जगातल्या कुणालाही सांगता येणार नाही. तो सांगू शकला तो इंजिनामुळं; त्या पहिल्या सकाळी भोंग्याच्या नादात ठेक्याकडं त्याचं लक्षच गेलं नव्हतं. लोरेटानं एकदा बाहेर पाहिलं आणि पुन्हा सुरी उचलली.

“ती तुझी,” ती म्हणाली.

“कशावरून? अजून नाक तर दिसतंय.”

“वाकणावर आली. कोल्बी असती तर एव्हाना वाजवलं असतं. ही गप्प जाते.” तिनं तिरक्या बुडाचं गाजर घेतलं आणि बारीक चिरायला लागली. “चेस्टर, मी इथं उभी राहून दुसरं काय पाहिलं? पिछाड्याच पाहिल्या. आधी हात करायचा, मग पाठ दिसणार, मग समजणार कुणाला केला ते. पहिल्या वर्षी मला खरंच कळत नव्हतं, दोघींनाही हात करायचे. एक उत्तर द्यायची, एक नाही द्यायची. मला वाटलं, उत्तर देते ती तुझी. मूर्ख मी! हिवाळ्यात तुला विचारलं, आणि तू खाली मान घालून ‘हं’ म्हणालास. तेव्हाच कळलं, की ती नव्हे, दुसरी तुझी. मुकी ती.”

“मग सांगितलं का नाहीस? सगळ्या सारख्या म्हणत राहिलीस ती?”

“काय सांगू? की तुझी बोट मला साधं विचारत नाही, आणि दुसऱ्याची विचारते? तुला बरं वाटलं असतं?”

“म्हणून हालवरला...”

“हालवर असेल, नाहीतर त्याचा स्वयंपाकी असेल. मला काय माणूस दिसतो इथून? मला फक्त उत्तर ऐकू यायचं.” तिचा आवाज बारीक झाला, पण सुरी थांबली नाही. “आठ-नऊ महिने या घरात माझ्याशी कोण बोलत होतं? तुझी पत्रं? ‘हवा बरी आहे, पंप दुरुस्त केला.’ कुणीतरी माझ्या दारात थांबून दोन शब्द बोलल्यासारखं वाटायचं मला. हो, आवडायचं. आवडतं. आता जळ तुला जळायचं असेल तर. पण तुझ्या बोटीला मी एकदाही चुकवलं नाही. एकदाही. ती गप्प जाणार हे ठाऊक असून चवड्यांवर उभी राहिले. जा, विचार डेल्बर्टला.”

चेस्टर उठला. खिळ्यावरचं फडकं त्यानं काढलं. हातात घेतल्यावर ते किती झिजलंय हे समजलं, मधली चौकडी तर जाळीसारखी झाली होती. तो पडवीत आला. प्रेंटिस आता समोर होती, रिकामी, उंच. त्यानं फडकं वर धरलं, आधी अवघडून, मग दोन्ही हातांनी जोरात. पुढच्या केबिनच्या काचेत ऊन चमकत होतं, मागं कुणी आहे की नाही ते दिसेना. डेकवर दोन पोरं दोर गुंडाळत होती, त्यांची पाठ होती. बोट पुढं सरकली. लांबच्या लांब लोखंड, संपतच नव्हतं. मग धुराडं. मग पिछाडी, गोल, पाण्यावर झुकलेली. आपली पिछाडी काठावरून दूर जाताना त्यानं कधी पाहिली नव्हती. जन्म तिच्या आत गेला होता. तिच्या आत, पाण्याच्या रेषेखाली, आत्ताही कुणीतरी हातचाकाला हात लावून उभा असेल आणि मनात म्हणत असेल, वेग कमी झाला, म्हणजे वोझ्निकचं घर आलं. त्याला हे फडकं दिसणार नव्हतं. चेस्टरच्या खांद्याला रग लागली, तरी तो हलवत राहिला, आणि भोंगा वाजला नाही. आता वाजेल, आता वाजेल, असं वाटणं किती वेळ टिकतं हे त्याला समजलं. ते बोट दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ टिकतं.

लोरेटा जाळीच्या दारापाशी आली होती. “खालून दिसतं का रे?” तिनं विचारलं. “इंजिनपाशी. मी नेहमी मनाशी म्हणायची, वरती येत असेल तेवढ्यापुरता.”

एक ‘हं’ त्याच्या तोंडात आयता तयार होता.

“नाही,” तो म्हणाला. “खालून काही दिसत नाही.”

“एकदाही नाही?”

“एकदा छप्पर दिसलं होतं.”

“छप्पर,” लोरेटा म्हणाली. ती जाळीतून त्याच्याकडं बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला जाळीमुळं नीट दिसलं नाही. मग ती आत गेली. सूप उतू गेल्याचा वास आला, झाकण आपटल्याचा आवाज आला. रात्री ती त्याच्याशी चांगलं बोलली, म्हणजे मीठ दे, दिवा मालव, असं. पण त्याचा श्वास जड झाला तेव्हा तिचा हात नेहमीसारखा त्याच्या छातीवर आला नाही. तो जागा राहिला. तिनं इतकी वर्षं एका पत्र्याला हात केला होता, आणि तो पत्रा आपण होतो, हे त्याला उलटसुलट करून बघत राहावं लागलं.

पुढच्या फेरीला कोल्बी वर आली तेव्हा ती दोघं न्याहारीला बसली होती. भोंगा वाजला. तीन लांब, दोन आखूड. लोरेटा उठली नाही. तिनं टोस्टला लोणी लावायला घेतलं, एकाच कोपऱ्याला, पुन्हा पुन्हा. बाहेर बोट वाकणावरून जात होती, आणि ती उत्तराची वाट बघतेय हे इथंपर्यंत जाणवत होतं. चेस्टरला ते जाणवणं नको होतं. हालवर तिकडं काचेमागं उभा असेल, पांढरी पडवी रिकामी बघत असेल, ह्यात एक गोडी होती. तिची चव त्यानं क्षणभर जिभेवर घेतली. मग तो उठला, खिळ्यावरून फडकं काढलं आणि तिच्या बशीशेजारी ठेवलं. “जा,” तो म्हणाला. “पाठ दिसायच्या आत जा.” लोरेटानं त्याच्याकडं पाहिलं, लोण्याची सुरी खाली ठेवली आणि ती धावत गेली. जाळीचं दार आपटलं. चेस्टर खिडकीकडं पाठ करून बसला. त्यानं बाटली घेतली आणि तो अंड्यावर मिरपूड टाकत राहिला.